चाळीसवरची टिकली

माझ्या गाडीत स्पीडच्या मीटरच्या काचेवर एक लाल टिकली आहे. मसुराच्या डाळीपेक्षा जरा मोठी. माझ्या बायकोने स्वतःच्या कपाळावरची काढून तिथं लावली, त्याला अकरा वर्षं होऊन गेली. लावताना म्हणाली, "अहो, काटा हिला शिवला की पाय काढायचा." पाय म्हणजे अ‍ॅक्सिलेटरवरचा. तिच्या हिशेबाने ही टिकली चाळीसवर होती, आणि चाळीसच्या वर गाडी न्यायची नाही हा तिचा नियम होता.

आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. मी चौथी शिकलो आणि मग ड्रायव्हरकी. एका मोठ्या सरकारी साहेबांची बदली कलकत्त्याला झाली, ते मला बरोबर घेऊन आले. साहेब चार वर्षांत परत गेले. मी राहिलो, कारण मला त्यांच्याच ऑफिसात कायम केलं होतं. बालीगंज स्टेशनच्या पलीकडे दोन खोल्या घेतल्या, बायकोला आणली. एक मुलगी झाली. आता ती नाशकात असते.

रिटायर झाल्यावर मी एक छोटी व्हॅन घेतली. तिला पुढं नाक नसतं, इंजिन सीटच्या खाली असतं. तिच्यातून शाळेची पोरं न्यायला लागलो. इथं अशा गाडीला पूलकार म्हणतात. अकरा पोरं, सकाळी न्यायची, दुपारी आणायची. पालक म्हणाले गाडीत एक बाई पाहिजे. मी म्हटलं, आहे की घरात एक, दिवसभर भिंती बघत बसलेली.

ती डाव्या बाजूला माझ्या शेजारी बसायची. पोरांची नाकं पुसायची, डबे सांभाळायची. तिचं बंगाली ऐकून पोरं हसायची आणि तीही त्यांच्याबरोबर हसायची. सगळी तिला 'दिदा' म्हणायची, म्हणजे आजी. पण गाडी सुरू झाली की हिचं लक्ष मीटरवर. पहिल्याच आठवड्यात तिने ती टिकली लावली, कारण चालत्या गाडीत आकडे तिला नीट वाचता यायचे नाहीत. त्या दिवसापासून सुरू झालं. "चाळीस. पाय काढा." मागून पोरंही ओरडायची, "दादू, पा काढा!" दादू म्हणजे आजोबा, पा म्हणजे पाय. बंगाल्यांची पोरं, पण एवढं मराठी त्यांना पाठ होतं.

मी तिची चेष्टा करायचो. कारण माझ्या सीटवरून बघितलं तर टिकली चाळीसवर नव्हतीच, पस्तीसच्या आसपास होती. मी म्हणायचो, "अगं आडाणे, चाळीस कुठं आणि तुझी टिकली कुठं! साधी टिकली सरळ लावता येत नाही, आणि मला गाडी शिकवतीय."

ती म्हणायची, "मला बरोबर दिसतंय. तुम्ही तुमचा रस्ता बघा."

शाळेच्या फाटकापाशी पोरांच्या आया उभ्या असायच्या, त्यांनाही मी सांगायचो, आमच्या बाईसाहेबांचं चाळीस पस्तीसवर असतं. सगळे हसायचे. ती पदर सारखा करायची आणि पोरं मोजायला लागायची.

आता खरी गोष्ट. ही मी एका माणसाशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

ती जायच्या दोन वर्षं आधी पावसात रस्त्यात पाणी भरलं आणि गाडी पोरांसकट बंद पडली. पाणी पायापर्यंत आलं. पोरं रडायला लागली. मी आणि एका मिठाईच्या दुकानातल्या माणसांनी एकेकाला उचलून ओट्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी मी टायरवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, बारा इंची चाकं काढा, तेरा इंची घाला, टायरही जाडे घालू, गाडी बोटभर उंच होईल. मी म्हटलं घाल. शेवटचा नट आवळताना तो म्हणाला, "एक आहे काका. चाक मोठं झालं, म्हणजे एका वेढ्यात गाडी जास्त जाणार. मीटरला ते कळत नाही. ते चाळीस दाखवेल तेव्हा गाडी त्रेचाळीसने पळत असेल. मीटर सेट करून घ्या."

बायको तेव्हा समोर चहाच्या टपरीवर बसली होती. तिने विचारलं, काय म्हणत होता तो? मी म्हटलं, हवा किती ठेवायची ते सांगत होता.

का खोटं बोललो? शाळेचं फाटक बंद व्हायच्या आत पोचायची रोजची मारामार असायची. तीन किलोमीटर फुकटात मिळत होते. तिला सांगितलं असतं तर तिने टिकली आणखी खाली आणली असती. एवढंच कारण. दुसरं मोठं काही नाही.

पण तिला कळायचं. आठ-पंधरा दिवसांनी म्हणायची, "अहो, आज गाडी पळतीय."

"कुठं पळतीय? काटा बघ की. टिकलीला लागलाय का?"

ती वाकून बघायची. "नाही लागला."

"मग? टिकली तुझीच आहे ना?"

ती दाराच्या वरची मूठ धरायची. खरं तर माझ्या बाजूने बघितलं तर काटा टिकलीच्या पुढं गेलेला असायचा. तरी ती 'नाही लागला' म्हणायची. मला वाटायचं, म्हातारीला धड दिसतही नाही, बरंच आहे. म्हणजे मी तिला दोन्हीकडून फसवत होतो, आणि मनात हुशारीच वाटायची.

दोन वर्षं हे चाललं. तिच्या अंगाला जे बरोबर कळत होतं, ते मी तिच्याच टिकलीची साक्ष काढून खोटं पाडलं.

गेल्या दुर्गापूजेच्या आधी ती गेली. किडनी. इथल्या मराठी मंडळाची चार माणसं आली, सगळी साहेबलोकांच्या घरातली, चांगली माणसं आहेत, हात जोडून उभी राहिली. त्यांच्याशी काय बोलायचं ते मला कळलं नाही आणि माझ्याशी काय बोलायचं ते त्यांना कळलं नाही. मुलगी तेरा दिवस होती. मग तीही गेली. घरात मराठी बोलणारं कुणी उरलं नाही. भाजीवाल्याशी बंगाली, बँकेत हिंदी. कधी कधी दोन-दोन दिवस मराठी शब्द तोंडातून निघत नाही. मुलीचा फोन रविवारी येतो, तेव्हा पहिली दोन वाक्यं अडखळत निघतात.

पूलकार बंद केली. बाई नसली की पालक पोरं देत नाहीत, आणि दुसरी बाई त्या सीटवर बसवायची माझी तयारी नव्हती. गाडी गल्लीत उभी असते. बॅटरी उतरू नये म्हणून आठवड्यातून दोनदा बाहेर काढतो. काही काम नसतं. जातो, वळतो, परत येतो. आणि दर वेळी ती टिकली समोर दिसते. माणूस खोटं बोलला तर एकदा बोलतो. ही टिकली गाडी हलली की खोटं बोलत होती, आणि तिला बोलायला मी लावलं होतं.

मुलगी फोनवर म्हणाली, "अप्पा, गाडी विकून टाका ना आता. आणि इकडे या."

मी म्हटलं, "मीटर सेट करायचंय आधी."

"विकायच्या गाडीचं मीटर कशाला?"

मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." तिला तोडून बोललो. ती म्हणाली, जेवलात का? मी म्हटलं, हो. जेवलो नव्हतो.

खिदिरपूरला पुलाजवळ एक मीटरमिस्त्री बसतो. माझ्याच वयाचा, बंगाली. जन्मभर त्याने पिवळ्या टॅक्सीची भाड्याची मीटरं लावली. आता टॅक्सी कमी झाल्या, भाडं मोबाईल सांगतो. याच्या टपरीत जुन्या मीटरांचे डबे रचलेले आणि हा त्यांच्या मधोमध पेपर वाचत असतो. आमचं बोलणं हिंदीत झालं, अर्धं बंगालीत. मी इथं मराठीत लिहितो.

त्याने गाडीत डोकं घातलं आणि हसायलाच लागला. "दादा, मीटरला टिप? लग्नबिग्न झालंय की काय मीटरचं?" टिप म्हणजे टिकली.

तो माझ्या सीटवर बसला, आणि काचेवर धूळ होती म्हणून सवयीने खिशातलं रॉकेलचं फडकं काढून पुसायला लागला.

"ए! हात काढ! हात काढ तिथनं!"

मी हे मराठीत ओरडलो. तो एवढा दचकला की फडकं खाली पडलं. टिकलीची एक कड उचलली गेली होती, पण ती जागेवर होती. मी बोटाने दाबली. ते त्याने बघितलं.

मग म्हणाला, "वहिनींची?"

मी म्हटलं, "हो."

"आहेत?"

"नाही."

त्याने फडकं उचललं, घडी करून खिशात ठेवलं. दोन चहा सांगितले. मग मी त्याला सगळं सांगितलं, टायरवाल्यापासून. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं, तेही माझी भाषा न येणाऱ्याला. तो ऐकत होता आणि मातीच्या भांड्यातला चहा फुंकत होता.

"सोपं आहे," तो म्हणाला. "मीटर कशाला खोलता? गाडी खरी चाळीसने जाते तेव्हा काटा सदतीसवर असतो. तुमची ही टिप सदतीसवर सरकवा, झालं. आणि तसंही, ही चाळीसवर नाहीच आहे. पस्तीसवर आहे. वाकडी लागलीय."

"माहीत आहे. ती वाकडीच लावली तिने. पण सरकवायची नाही. तिने लावली तिथंच राहणार. मीटर खरं कर."

"वाकड्या टिपसाठी खरं मीटर?"

"हो."

"माझी बायको आहे," तो म्हणाला, "पण मला गाडी नाही. नाहीतर तिने काचेवर टिपच टिप लावल्या असत्या, मला रस्ताच दिसला नसता." आणि तो पाना शोधायला लागला.

त्याने केलेलं काम मला आवडलं. मशीन नाही, मोबाईल नाही. टायरला जमिनीशी खडूची खूण केली, आम्ही दोघांनी गाडी ढकलली, खूण एक वेढा घेऊन परत खाली आली तिथं जमिनीवर दुसरी खूण. टेपने मोजलं. पाच फूट नऊ इंच. मग त्याने विचारलं, जुनं चाक आहे का? नशिबाने स्टेपनी बाराचीच होती, ती कधी बदललीच नव्हती. ती त्याच जागी चढवून परत ढकलली. पाच फूट चार इंच. पाच इंचाचा फरक, वेढ्याला पाच इंच. मी त्या पाच इंचांकडे बघत राहिलो. बोटं पसरून धरली तर वितीतही मावतात.

मिस्त्रीने एक डबा उपडा केला. जुन्या टॅक्सी मीटरांच्या पितळी दातेरी चकत्या. चष्मा कपाळावर ढकलून दात मोजत बसला. अठ्ठावीस दात्यांची एक आणि सव्वीसची एक काढली. चाकाकडून मीटरपर्यंत एक तार जाते, ती फिरते म्हणून काटा हलतो. त्या तारेच्या मध्ये त्याने काडेपेटीएवढी डबी बसवली, आत या दोन चकत्या. मोठी चकती धाकटीला फिरवते, म्हणजे तार थोडी जास्त फिरते, चाकाने गिळलेला फरक भरून निघतो. काच त्याने उघडलीच नाही. सगळं खालून केलं, पाठीवर झोपून. मला म्हणाला, "वहिनींना धक्का नाही लावला, बघा."

तपासायला रविवारी सकाळी गोदीच्या बाजूच्या रस्त्यावर गेलो. रविवारी तिथं ट्रक कमी असतात. एका बंद गोदामाच्या लोखंडी फाटकापासून पुढच्या नाल्याच्या कठड्यापर्यंत बरोबर एक किलोमीटर आहे. हे त्याने तरुणपणी चाक फिरवत चालून मोजलं होतं आणि सगळ्या टॅक्सी तिथंच तपासल्या. चाळीसने गेलं तर नव्वद सेकंद लागले पाहिजेत. तो मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरून बसला. डाव्या सीटवर. तिच्या सीटवर. दुसरीकडे बसवता येत नव्हतं, काटा त्याला बघायचा होता.

मी आकडा बघून काटा चाळीसवर धरला. फाटक गेलं. कठडा आला.

"नव्वद!" तो म्हणाला. "एकदम नव्वद. आणि टिपलाही बरोबर लागलेला. तुम्ही तर म्हणता वाकडी आहे."

"कुठं लागला? पार पुढं गेला होता काटा."

"नाही हो दादा. टिपच्या बरोबर खाली लपला होता. मी सगळा वेळ तिकडेच बघत होतो."

"तुला दिसत नाही."

"मला दिसत नाही?" त्याला राग आला. "पन्नास वर्षं मीटरचे दात मोजतोय मी."

फाटकापाशी मागं जाऊन पुन्हा आलो. परत नव्वद. परत तो म्हणाला लागला, मी म्हणालो पुढं गेला. कठड्यापाशी गाडी उभी केली आणि दोन म्हातारे टिकलीवरून भांडायला लागलो. पाण्याचा हंडा घेऊन चाललेली एक बाई थांबून बघत होती.

मग तोच एकदम थांबला. कपाळावर हात मारला. "अरे, आपण दोघंही बरोबर आहोत. उतरा. इकडे या."

मी उतरलो नाही.

"इकडे येऊन बसा हो. काच पुढं आहे, काटा मागं आहे, मध्ये बोटभर जागा. टिप काचेवर. तुमच्या सीटवरून बघितली तर पस्तीसवर दिसते, इथून बघितली तर दुसरीकडे. टॅक्सीत रोज हेच भांडण. पुढं बसलेला एक वाचायचा, मागं बसलेला दुसरं. मी दोघांच्या जागी बसून मिटवायचो. तुम्ही कधी इथं बसून बघितलंच नाही?"

नव्हतं बघितलं. अकरा वर्षं. गाडी माझी, चालवणारा मी, मी डाव्या सीटवर कशाला बसेन?

आम्ही जागा बदलल्या. तो माझ्या जागी गेला, मी तिच्या जागी बसलो. सीट गरम होती. खाली इंजिन, तापणारच. ती उन्हाळ्यात म्हणायची, "तव्यावर बसल्यासारखं वाटतं," आणि मी म्हणायचो, भाकरी व्हायच्या आत पोचू. डोक्याशी तिची मूठ होती, दाराच्या वरची. तिचं रबर एका बाजूने झिजलेलं होतं. ते झिजलंय हे मला माहीत नव्हतं.

मी मीटरकडे बघितलं. टिकली बरोबर चाळीसवर होती. चाराच्या आणि शून्याच्या मध्ये, जशी कपाळावर भुवयांच्या मध्ये लावतात तशी. तसूभरही इकडे-तिकडे नाही. तिने ती या सीटवर बसून, इथून बघून लावली होती. नजर तिची, वाचणारी ती, मग माझ्या बाजूने कशाला लावेल? आणि मी शाळेच्या फाटकापाशी चार बायकांच्या देखत तिला आडाणी म्हणत होतो.

ती 'नाही लागला' म्हणायची तेव्हा तिला दिसत नव्हतं असं नाही. तिथून खरंच लागलेला नसायचा. तिचं बघणं चोख होतं. खोटं होतं ते फक्त चाकात.

मिस्त्रीने गाडी वळवून फाटकाच्या अलीकडे नेली आणि तिथून परत सुरुवात केली. त्या सीटवरून रस्ता वेगळा दिसतो. गाडीला नाक नाही, समोर फक्त काच, आणि रस्ता थेट पायाखाली घुसतो. हातात स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. माझ्या हाताने ती मूठ कधी धरली मला कळलं नाही. काटा चढत गेला. तीस. पस्तीस. मग टिकलीखाली गेला आणि दिसेनासा झाला. फाटक मागं पडलं.

"ठीक आहे ना?" मिस्त्री म्हणाला.

मी म्हटलं, "थोडी वाढव."

"वाढवू? का?"

"त्रेचाळीस कर."

त्याने वाढवली. काटा टिकलीच्या पलीकडच्या बाजूने बाहेर आला. तीन किलोमीटर. माझ्या सीटवर हे मला कधी जाणवलंही नव्हतं. इथं डॅशबोर्डचं झाकण खडखडायला लागलं, तळाच्या पत्र्याची थरथर तळपायात आली, आणि एक सायकलवाला एकदम माझ्या गुडघ्यांवर आल्यासारखा वाटला. मागं अकरा पोरं आहेत असं धरून चला. असं दोन वर्षं, रोज दोन वेळा.

गाडी पळत होती. तेच ती सांगत होती.

मी म्हटलं, "चाळीस. पाय काढा."

मराठीत म्हटलं. मिस्त्रीला मराठी येत नाही. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पाय काढला. काटा हळूहळू खाली आला आणि टिकलीमागे जाऊन राहिला. कठडा येईपर्यंत तो तिथंच होता, आणि मी त्याच्यावरची नजर काढली नाही.